पदवी भिंतीवर, नाव यादीत नाही

आमच्या पुढच्या खोलीत तथागतांची तसबीर आहे, तिच्या बाजूला बाबासाहेबांची, आणि त्या दोन्हींच्या खाली काचेच्या फ्रेममध्ये माझे बी.कॉम.चे प्रमाणपत्र. ही मांडणी माझ्या वडिलांची. ते अकोल्याला जिनिंगमध्ये हमाली करायचे, सरकीची पोती पाठीवर वाहायचे. २००१ साली मी पदवीधर झालो तेव्हा त्यांनी दोन दिवसांची मजुरी खर्चून ही फ्रेम करून आणली. प्रमाणपत्रावर नुसते 'अमरावती विद्यापीठ' असे छापलेले आहे. संत गाडगेबाबांचे नाव विद्यापीठाला २००५ साली मिळाले. माझी पदवी त्याच्या आधीची. घरी कोणी पाहुणा आला की वडील आधी पाणी देत आणि मग त्या फ्रेमकडे बोट दाखवत. ते गेले. फ्रेम तिथेच आहे. दर आठवड्याला माझी पत्नी ती पुसते.

त्या कागदाचा आणखीही काही उपयोग असतो, हे मला वीस वर्षे कळले नाही. कळले तेव्हा उशीर झाला होता. त्याचीच ही हकीकत. चूक माझी आहे, म्हणून सांगायला थोडा संकोच वाटतो.

मी अमरावतीच्या एका अनुदानित महाविद्यालयात लिपिक आहे. पगारपत्रक, शिष्यवृत्तीचे अर्ज, विद्यापीठाशी पत्रव्यवहार, जे पुढ्यात येईल ते. २०२२ साली विद्यापीठाच्या अधिसभेची निवडणूक लागली. अधिसभा म्हणजे ज्याला आपण सिनेट म्हणतो ती. प्राध्यापकांची मतदार यादी तपासायला महाविद्यालयांकडे आली होती. आमच्या इथले काम माझ्याकडे होते. यादी काढली, नावे जुळवली, टाईप केली. काम लवकर आटोपले, कारण नावेच थोडी होती. आमच्याकडे मंजूर पदे एकतीस. भरलेली सतरा. बाकीचे वर्ग कोण घेते? तासिका तत्त्वावरचे, ज्यांना आपण सीएचबीवाले म्हणतो ते.

त्यातले एक सर आमच्याच वस्तीतले. आमच्या गल्लीत तेच पहिले डॉक्टरेट. एम.ए. केले, सेट काढली, पीएच.डी. झाली, आणि बारा वर्षे झाली, तासावर शिकवतात. घेतलेल्या तासांचे पैसे. उन्हाळ्यात तास नाहीत म्हणून पैसे नाहीत, परीक्षा सुरू झाल्या की तास नाहीत म्हणून पैसे नाहीत. दरवर्षी नव्याने मुलाखत, नव्याने नेमणूक. त्यांचे बिल मीच तयार करतो. डिसेंबरात शिकवलेल्या तासांचे बिल मी जूनमध्ये पुन्हा एकदा त्रुटी दुरुस्त करून पाठवलेले आहे. त्यांच्यासमोर मला मान वर करून बोलवत नाही, आणि ते मात्र रोज हसून 'जयभीम दादा' म्हणतात.

त्या दिवशी ते टेबलाशी उभे राहून यादी वाचत होते. त्यांनी विचारले, "दादा, यात माझं नाव कुठं असतं?"

मी म्हणालो, "सर, ही पूर्णवेळ मान्यताप्राप्त शिक्षकांची यादी आहे. कायद्यात शिक्षकाची व्याख्याच तशी आहे."

"म्हणजे बारा वर्षं मी काय करतो?"

मी काही बोललो नाही. मग ते म्हणाले, "ठीक आहे. पदवीधरांच्या यादीत तर असेल? तुमचं आहे का तिथं?"

माझे नव्हते. त्यांचेही नव्हते. नोंदणीची मुदत केव्हाच संपून गेली होती. आणि नोंदणीची सूचना माझ्याच हाताने आमच्या फलकावर लागली होती! टाचणीसुद्धा मीच मारली होती. मी वस्तीत सामाजिक काम करतो, विधानसभेच्या मतदार नोंदणीला घरोघर फिरतो, म्हाताऱ्या आयाबायांना आधारकार्डासाठी रांगेत नेतो. आणि विद्यापीठाचा कागद आला तेव्हा ते काम आपले आहे असे मला वाटलेच नाही. ते प्राध्यापकांचे, संस्थाचालकांचे, मोठ्या लोकांचे असावे असे मनात कुठेतरी बसलेले होते.

आता ही अधिसभा काय असते ते थोडे सांगतो. आपल्या घरात यावर बोलणे होत नाही म्हणून सांगतो.

आपले विद्यापीठ १ मे १९८३ रोजी नागपूर विद्यापीठातून वेगळे निघाले. अमरावती, अकोला, यवतमाळ, बुलढाणा आणि नंतर झालेला वाशीम, असे पाच जिल्हे त्यात येतात. तपोवनाच्या बाजूला जी मोठी कमान दिसते तिच्या आत हा सगळा कारभार चालतो. आपल्या मुलामुलींचा त्या कमानीशी संबंध येतो तो गुणपत्रिकेच्या दुरुस्तीसाठी नाहीतर पदवीच्या कागदासाठी. पण कमानीच्या आत दरवर्षी एक जाड पुस्तक तयार होते. ते म्हणजे विद्यापीठाचा अर्थसंकल्प. वित्त व लेखा अधिकारी आकडे मांडतात, ते वित्त व लेखा समितीकडे जातात, तिथून व्यवस्थापन परिषदेकडे, आणि शेवटी अधिसभेपुढे. सध्याच्या कायद्याने, म्हणजे २०१६ च्या महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ अधिनियमाने, अर्थसंकल्पावर चर्चा करून त्याला मान्यता देण्याचे काम अधिसभेचे आहे. एक एप्रिलला नवे वर्ष सुरू होते, म्हणून ही बैठक बहुधा मार्चमध्ये असते.

मी हिशेबाचा माणूस. एका सदस्याकडून मी ते पुस्तक दोन दिवसांसाठी मागून आणले आणि रात्री जेवण झाल्यावर वाचत बसलो. पत्नी म्हणाली, "एवढं काय वाचून रायले, कादंबरी हाय का?" खरे सांगतो, कादंबरीपेक्षा कमी नव्हते. पैसा कुठून येतो आणि कुठे जातो हे पाहिले की घर कसे चालते ते कळते. विद्यापीठाचेही तसेच. मंजूर पदांचे पगार शासन देते. पण विद्यापीठाच्या स्वतःच्या उत्पन्नात मोठा वाटा असतो परीक्षा शुल्काचा. म्हणजे आपल्या पोरीबाळी परीक्षेचा फॉर्म भरताना जे पैसे मोजतात तेच. कोणाची माय धुणीभांडी करून ते पैसे देते, कोणाचा बाप रिक्षा चालवून. त्या पैशातून छपाई होते, पेपर तपासणी होते, गाड्यांचे डिझेल येते, इमारतीचा रंग येतो, बैठकीचे भत्ते निघतात. आणि त्यातूनच विद्यार्थी कल्याण, कमवा व शिका असल्या नावाच्या रकान्यांनाही काही मिळते. एखाद्या रकान्यात गेल्या वर्षी तरतूद किती होती, प्रत्यक्ष खर्च किती झाला आणि यंदा किती ठेवले, असे तीन आकडे शेजारी शेजारी असतात. माझ्यासारख्या कारकुनाला त्या तीन आकड्यांत सगळी गोष्ट दिसते. तरतूद मोठी आणि खर्च लहान, याचा अर्थ पैसा होता पण कोणी मागायला गेले नाही, किंवा मागणाऱ्याला परत पाठवले.

त्यावर प्रश्न कोण विचारणार? अधिसभेत जो बसतो तो.

कुलगुरू, अधिकारी, अधिष्ठाते हे पदामुळे तिथे असतात. काही नामनिर्देशित असतात. निवडून येणाऱ्यांत दहा प्राचार्य, दहा प्राध्यापक, संस्थाचालकांचे सहा, आणि दहा पदवीधरांचे. या दहा पदवीधरांपैकी पाच जागा राखीव आहेत. अनुसूचित जाती, अनुसूचित जमाती, विमुक्त व भटक्या जमाती, इतर मागासवर्ग आणि महिला, प्रत्येकी एक. प्राध्यापकांच्या दहा जागांतही अशीच विभागणी आहे. पण एक गोष्ट लक्षात घ्या. अनुसूचित जातीच्या जागेवर उभा राहणारा आपला असला तरी त्याला मत देतात यादीतले सगळे. यादीत आपली नावे नसली तर आपला प्रतिनिधी कोण, हे दुसरेच ठरवणार. पुणे करार ज्यांनी वाचला आहे त्यांना हे दुखणे नवे नाही. तिथे निदान आपली मते तरी यादीत होती.

त्या दिवशी सरांच्या प्रश्नाने माझ्या डोक्यात आणखी एक गणित सुरू झाले ते हे. पदे भरली जात नाहीत, कारण शासन म्हणते पैसा नाही. पद भरले नाही म्हणजे तिथे तासिकेवाला आला. तासिकेवाल्याला शिक्षकांच्या यादीत मत नाही. म्हणजे बजेट आखडले की नुसते पगार वाचत नाहीत, मतदारही कमी होतात. ज्यांना पैशाच्या तुटीची झळ सर्वात जास्त बसते, त्यांनाच तुटीबद्दल बोलण्याची जागा उरत नाही. आणि रिकाम्या पदांत राखीव पदे किती, बिंदुनामावलीत ती कुठे अडकली, हा प्रश्न विचारायचा तर विचारणारा आत पाहिजे. आमच्या एकतीस पदांतली चौदा रिकामी. त्या चौदांपैकी काही बिंदू आपल्या पोरांचे आहेत. ती पोरे त्याच वर्गात, त्याच फळ्यासमोर उभी राहून शिकवतात, पण त्या बिंदूवर नाही, तासावर.

अधिसभा स्वतःच्या बळावर पदे भरू शकत नाही, हे प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. पदांना मंजुरी शासनाची लागते. अधिसभेत आपला माणूस गेला की उद्या सर परमनंट होतील असे मी त्यांच्या आईला सांगितलेले नाही आणि सांगणारही नाही. पण प्रश्न विचारला तर उत्तर लेखी द्यावे लागते, कार्यवृत्तात येते, वर्तमानपत्रात छापून येते. तीस वर्षे विधान परिषदेत अमरावती पदवीधर मतदारसंघाचे प्रतिनिधित्व करणारे बी. टी. देशमुख सरांनी प्रश्नांच्याच बळावर विदर्भाच्या अनुशेषाचे आकडे शासनाकडून वदवून घेतले, हे आपल्या भागातल्या जुन्या माणसांना आठवत असेल. त्यांची नुटा ही प्राध्यापकांची संघटना. तिचे बुलेटीन आमच्या ऑफिसात येते. पूर्वी मी ते न वाचता रद्दीत टाकायचो. आता त्यातले शासन निर्णय कापून ठेवतो.

प्राध्यापकांच्या लढ्याबद्दल आपल्या वस्तीत एक राग आहे तोही सांगून टाकतो. २०१३ साली फेब्रुवारीपासून मे महिन्यापर्यंत राज्यभरच्या प्राध्यापकांनी परीक्षेच्या कामावर बहिष्कार टाकला. थकबाकीचा प्रश्न होता, नेट-सेट नसलेल्या जुन्या शिक्षकांचा प्रश्न होता. आमच्या विहारात तेव्हा मोठी बोलाचाली झाली. एवढा पगार घेणारे संप करतात आणि आमच्या लेकरांचे निकाल लटकतात, असे मीच उभा राहून बोललो होतो. आज मला ते बोलणे अर्धवट वाटते. निकाल लटकले हे खरेच होते. पण पूर्ण पगाराचा प्राध्यापक निदान बहिष्कार टाकू शकत होता. आमच्या सरांनी एक तास चुकवला तर त्या तासाचे पैसे जातात आणि पुढच्या वर्षीची नेमणूकही जाते. पूर्ण पगाराची माणसे संपली की बोलणारी माणसेही संपतील, हे तेव्हा माझ्या ध्यानात आले नव्हते. अर्थात परमनंट मंडळींनीही तासिकेवाल्यांना स्टाफरूममध्ये खुर्ची देताना कधी कधी किती वेळ लावला, हे मी डोळ्यांनी पाहिले आहे. तेही लिहायला पाहिजे.

हे सगळे बाबासाहेबांनी फार आधी सांगून ठेवले आहे. १९२७ साल म्हटले की आपल्याला महाडचे चवदार तळे आठवते, २० मार्च आठवतो. त्याच्या आठच दिवस आधी, १२ मार्च १९२७ रोजी, मुंबई कायदेमंडळात बाबासाहेब शिक्षणाच्या बजेटवर बोलायला उभे होते. नुकतेच ते त्या मंडळाचे सदस्य झाले होते. कला महाविद्यालयांच्या खर्चापैकी ३६ टक्के रक्कम फीमधून वसूल होते, हायस्कुलांच्या खर्चापैकी ३१ टक्के, हा हिशेब त्यांनी सरकारपुढे मांडला आणि हा शिक्षणाचा व्यापार असल्याचे बजावले. सरकार शिक्षणावर माणशी १४ आणे खर्च करते आणि दारूच्या अबकारी करातून माणशी दोन रुपयांहून जास्त वसूल करते, हेही त्यांनीच काढून दाखवले. म्हणजे आठ दिवसांच्या आत तळ्याचे पाणीही झाले आणि बजेटही झाले. दोन्ही ठिकाणी आपला हक्क होता. पुढे जुलै आणि ऑक्टोबर महिन्यांत मुंबई विद्यापीठाचा कायदा दुरुस्त होत होता तेव्हा सिनेटमध्ये मागासवर्गीयांना जागा पाहिजे, यासाठी ते भांडले. विद्यापीठ हा विद्वानांचा मामला, त्यात जातपात कशाला आणता, असे म्हणणारे तेव्हाही होते. आजही आहेत.

विद्यापीठाच्या नावासाठी आपल्या लोकांनी काय सोसले ते मी सांगायला नको. मराठवाड्यात घरे जळाली, माणसे गेली. १४ जानेवारी १९९४ ला नामविस्तार झाला. तेव्हा मी शाळेत होतो, वडील मला खांद्यावर घेऊन मिरवणुकीत नाचले होते आणि मला लाज वाटली होती कारण मी खांद्यावर बसण्याएवढा लहान राहिलो नव्हतो. नावासाठी एवढे झाले. पण त्या नावाच्या आत जो हिशेब चालतो तिथे जाऊन बसायचे राहून गेले. मी दुसऱ्यांना बोलत नाही. मी स्वतःला बोलतो आहे.

यात आमच्या अकोल्याच्या बहिणीची गोष्ट येते ती अशी. तिची मुलगी, माझी भाची, एका महाविद्यालयात बी.एस्सी. करते. भाऊजी मजुरी करतात. पूर्वी शिष्यवृत्तीतला फीचा भाग महाविद्यालयाकडे जायचा. आता अनुसूचित जातीच्या मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीत ६० टक्के वाटा केंद्राचा आणि ४० टक्के राज्याचा, आणि तो विद्यार्थ्याच्या आधारशी जोडलेल्या खात्यात येतो. खात्यात आला की सात दिवसांत महाविद्यालयात भरायचा. कागदावर ठीक आहे. पण पैसा एकदम येत नाही. एक हप्ता आला तर दुसऱ्याची वाट पाहायची. आला त्या आठवड्यात भाऊजींचे हर्नियाचे ऑपरेशन निघाले. बहिणीने तो पैसा दवाखान्यात भरला. परीक्षेच्या तोंडावर महाविद्यालयाने हॉल तिकीट थांबवले.

भाचीचा फोन आला, "मामा, मी आता घरीच रायतो. नाई तरी कोण नोकरी देऊन रायलं?"

मी दुसऱ्या दिवशी रजा टाकून बडनेऱ्याहून गाडीने अकोल्याला गेलो. मूर्तिजापूर आले तसे मला खिडकीतून बाहेर पाहवेना, आपण काय बोलणार याचीच तालीम चालली होती. महाविद्यालयाच्या ऑफिसात माझ्यासारखाच एक लिपिक बसलेला. मी आरडाओरड करायच्या तयारीने गेलो होतो. त्याने रजिस्टर उघडून माझ्यापुढे ठेवले. अशी साठ-सत्तर नावे होती. तो म्हणाला, "भाऊ, विजेचं बिल भरायले पैसे नाही आमच्याकडं. पगार शासन देते, बाकीचं कुठून आणू?" आमच्याही ऑफिसात हीच रड आहे, म्हणून मला त्याच्यावर रागवता येईना. पण भाचीचा काय दोष होता? अर्धे पैसे मी भरले, अर्धे बहिणीच्या बचत गटाने दिले. हॉल तिकीट मिळाले. परत निघताना बहीण म्हणाली, "दादा, तू एवढा शिकेल, तुले बी समजत नाही का पैसा कोठी अडकते?" ती चौथी शिकलेली आहे.

अकोल्यात ज्या कृषी विद्यापीठाच्या आवारातून आम्ही लहानपणी सायकलने जायचो, ते १९६९ साली स्थापन झाले आणि आज त्याला डॉ. पंजाबराव देशमुखांचे नाव आहे. तिथे कारभार कार्यकारी परिषदेकडे असतो, पदवीधरांनी निवडून द्यायची अधिसभा तिथे नाही. आपल्याकडे, गाडगेबाबांच्या विद्यापीठात, ती आहे. असून मी वीस वर्षे तिकडे पाहिले नाही.

गाडीत परत येताना ठरवले आणि पुढच्या रविवारी वंदना झाल्यावर विहाराबाहेर एक टेबल टाकले. नोंदणी तेव्हा चालू नव्हती, पण म्हटले आधी मोजू तरी. आमच्या चार गल्ल्यांत पदवीधर किती? माझा अंदाज पंधरा-वीस. तीन रविवार मोजले. त्रेसष्ट निघाले. मला विश्वास बसेना. त्यांपैकी विद्यापीठाच्या यादीत नोंदलेले चार. बरेच जण म्हणाले, आमचे नाव आहे, आम्ही तहसीलमध्ये अर्ज दिला होता. तो अर्ज विधान परिषदेच्या पदवीधर मतदारसंघाचा, नमुना १८. ती यादी वेगळी, निवडणूक आयोगाची, आणि प्रत्येक निवडणुकीला नव्याने होते. जानेवारी २०२३ मध्ये तिच्यावर आमदारकीची निवडणूक झाली, धीरज लिंगाडे निवडून आले, आणि त्या वेळी पदवीधरांचीच हजारो मते बाद निघाली. अधिसभेची यादी विद्यापीठाची. तिचा अर्ज विद्यापीठाकडे. दोन्ही ठिकाणी शिक्का नसतो, पसंतीक्रमाचा आकडा लिहावा लागतो. हे समजावतानाच अर्धा रविवार जायचा.

सर्वात जास्त अडचण आपल्या लेकीसुनांची. त्रेसष्टांत सव्वीस बाया निघाल्या. कोणी बी.ए., कोणी बी.एस्सी., एक एम.कॉम. पण पदवीवर नाव माहेरचे, आधारवर सासरचे. एका सुनेची पदवी लोखंडी पेटीच्या तळाशी साडीच्या घडीत सापडली, कडा पिवळ्या पडलेल्या. तिच्या सासूला, सून पदवीधर आहे एवढे ठाऊक होते, पण कागद कधी पाहिला नव्हता. सासूने तो हातात घेतला, उलटा धरला, मग सरळ धरला आणि म्हणाली, "हे भिंतीवर काहून नाही लावलं मायं?" विवाह नोंदणीचा दाखला नसेल तर तो आधी काढावा लागतो, त्यासाठी महापालिकेत दोन खेपा होतात. आतापर्यंत अकरा जणींचे काढून झाले आहेत.

सरांची आई दर रविवारी टेबलाशी येऊन बसते. पापड लाटून तिने या मुलाला शिकवले. तिचा एकच प्रश्न. "भाऊ, तुमी तं कालेजात हायेत ना? माह्या पोराचं काहून होत नाही? पोरीवाले येतात, पयले हेच इचारतात, परमनंट हाय का म्हणून." पूर्वी मी 'होईल, होईल' म्हणून वेळ मारून न्यायचो. आता तिला जे आहे ते सांगतो. पद आहे, पैसा नाही म्हणतात, आणि पैसा नाही हे कोण ठरवते ते आपल्याला पाहायचे आहे. ती सगळे ऐकते आणि म्हणते, "मंग पाहा ना लवकर."

२०२२ ला निवडून आलेल्या अधिसभेची मुदत पाच वर्षांची. म्हणजे पुढची निवडणूक २०२७ च्या आसपास येईल आणि नोंदणी त्याच्या आधी. सूचना विद्यापीठाच्या संकेतस्थळावर आणि महाविद्यालयांच्या फलकावर लागते. या वेळी टाचणी मारण्याआधी मी तिचे दोन झेरॉक्स काढणार आहे, एक विहाराच्या दारावर आणि एक अकोल्याला बहिणीच्या बचत गटाला पाठवायला. सरांचा अर्ज भरून तयार आहे, माझाही. माझी पदवी जोडायची म्हणून परवा फ्रेम खाली उतरवली. मागचा पुठ्ठा वाळवीने थोडा खाल्ला होता. कागद शाबूत आहे. झेरॉक्स काढून झाल्यावर पत्नीने नवा पुठ्ठा घातला आणि फ्रेम पुन्हा जागेवर टांगली.